हेमाची पट्टी

—नाही नाही, ती बाटली ओट्यावर नको, इकडे गॅलरीत आणा. बसा. आणि हळू बोला, आमचे डॉक्टर आत झोपलेत — शिवाय डुक्कर म्हणू नका, समोरच्या खिडकीत कान असतात. वराह म्हणा. वराह म्हटलं की अवतार होतो, डुक्कर म्हटलं की सोसायटीची मीटिंग लागते. गायी-म्हशी होत्या तोवर जनावरांचा डॉक्टर सदाशिव पेठेला चालत होता हो. मग गोठ्यांच्या जागी तुमच्या कंपन्या आल्या, आणि आता त्याच कंपनीतली नोकरी सोडून तुम्ही वराह पाळताय. चालायचंच.

तर ही लघवी हेमाची ना? अहो तेजस, वराहांची नावं तरी जरा बघून ठेवा, माझ्या जावेचं नाव हेमा आहे. सकाळचीच आहे ना? उठून उभी राहिल्यावरची, पहिली धार सोडून? काल तुम्ही नालीतली भरून आणलीत. नालीत काय एकट्या हेमाचंच असतं? द्या. बघा, धरा उजेडात — गढूळ आहे की नाही, पातळ ताकासारखी? वासही उग्र. आता ही पट्टी बुडवायची आणि मिनिटभर गप्प बसायचं. गप्प तुम्ही बसायचं, मी बोलणार.

दोनदा नर दाखवला, गाभण राहिली नाही, की लगेच वांझ. आपल्याकडे हा शब्द लावायला तपासणी लागत नाही, बाईला नाही नि जनावरालाही नाही. ती कुत्र्यासारखी बसून राहते असं तुम्हीच म्हणालात ना? शेपटीखाली पांढरट डाग, पाण्याची तोटी अशी की थेंब-थेंबच येतं, प्यायला पुरत नाही — मग मूत्रमार्गात जंतू होतील नाहीतर काय मोगरा फुलेल? नरालाही तपासा. त्याचं नाव काय ठेवलंय? नको, सांगूच नका.

हे बघा. गुलाबी. चांगली गुलाबी. म्हणजे जंतू आहेत, आणि म्हणजे औषधाने बरी होण्यासारखी आहे. औषध डॉक्टर सांगतील, ते माझं काम नाही. पण खाटकाच्या टेंपोत घालायची नाही तिला, कळलं? काल डॉक्टर स्वच्छ म्हणाले, म्हणजे आजार नाही, मग वांझच, ते — मी मंडईत गेले होते हो नेमकी, नाहीतर... नाहीतर काय? काही नाही. नमुना नालीतला होता, एवढंच. असं बघू नका माझ्याकडे. बरं, आता निम्मं बोललेच आहे. दिसत नाही त्यांना. म्हणजे तुम्ही दिसता, दार दिसतं, पण गुलाबी आणि पांढरं त्यांना एकच. रात्री जेवताना म्हणाले, हेमा स्वच्छ निघाली. मी नंतर इथे येऊन बघितलं, तर बाटलीत नालीचा गाळ आणि शेजारी पट्टी चांगली गुलाबी. म्हणून सकाळी तुम्हाला फोन केला, की डॉक्टरांनी नवा नमुना मागितलाय. त्यांनी कुठला मागितला, मीच मागितला.

एरवी काय होतं, ते पट्टी माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "सांग बघू, कुठला रंग?" परीक्षा घेतल्यासारखं. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई मी, पण उत्तर देते मुकाट्याने. मग ते म्हणतात, "बरोबर." झालं निदान. मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. कळलं तर बॅग माळ्यावर जाईल आणि हा माणूस उद्यापासून भिंतीकडे बघत बसेल. तेवढं मला नाही सोसणार. तेव्हा ते उठले की तुम्ही म्हणायचं, नमुना मी चुकीचा आणला होता, माफ करा. चूक तुमची. तुम्ही आयटीतले, लगेच पटेल त्यांना.

टेंपोवाल्याला मात्र येऊ नको म्हणून आत्ताच फोन करा — केलात? कालच? काल कसा केलात, माझा फोन तर आज सकाळी आला तुम्हाला. कोण म्हणालं? डॉक्टर? स्वच्छ आहे म्हणाले ना तुम्हाला? मग? नीट सांगा, जसं म्हणाले तसं सांगा.

"मी स्वच्छ म्हणतोय, पण आमच्या हिने पट्टी बघितल्याशिवाय हेमाला हलवू नका."

असं म्हणाले. तुम्हालाच म्हणाले, की... सगळ्यांनाच? ते लोणीकंदचे नागोराव नमुने आणतात, त्यांनाही? आणि तुम्ही सगळे इथे बसून माझ्याकडून ऐकून घेता, परत त्यांच्याकडून ऐकून घेता, आणि कोणी एका शब्दाने...

हं.

उठले वाटतं. जा, आत जा तुम्ही. ही पट्टी घेऊन जा, आणि नालीचंच सांगा त्यांना, ठरल्याप्रमाणे. मला हे सांगितलंत ते त्यांच्यासमोर अजिबात बोलायचं नाही. ते हाक मारतीलच मला रंग विचारायला. येते मी, तोंड धुऊन येते. — अहो, बघत काय बसलाय? जा म्हटलं ना.