सात गाद्यांची गाडी

आम्ही मूळचे पिंजारी. नारायण पेठेत अब्बांचं गाद्यांचं दुकान, आणि अब्बा कापूस पिंजायला बसले की काय सांगू तुम्हाला, लकडी पुलापर्यंत धुकं पडायचं, सायकलवाले भर दुपारी दिवा लावून जायचे. हसू नका, लिहून घ्या. ही जीभ मला त्यांच्याकडूनच आली, कारण गादी नुसती मऊ आहे म्हणून विकली जात नाही, हिच्यावर झोपलेला माणूस परवा उठला असं सांगावं लागतं, मग गिऱ्हाईक हसतं, आणि हसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जात नाही. चाळीस वर्षं याच जिभेवर घर चाललं, आणि याच जिभेनं माझी गाडी अडकवली.

गाडी म्हणजे छोटी, पांढरी, सेकंडहँड, पण माझ्या नावावर. विमा उतरवताना एजंटला म्हटलं, फुल करा, कसर ठेवू नका. त्यानं फुल केला. फुल म्हणजे काय ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि पॉलिसीचा कागद गेला कपाटात, माझ्या बायकोच्या, सलमाच्या, लग्नाच्या शालूखाली. त्या शालूला जेवढा उजेड दिसला तेवढाच कागदाला.

तर आमची नाझ, एकुलती एक मुलगी, कर्वेनगरला दिलीय. तिच्यासाठी मी स्वतःच्या हातानं गादी भरली, टपावर बांधली आणि निघालो. वाटेत कुत्रं आडवं आलं, मी वळवली, गाडी दुभाजकावर. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला. गादीला मात्र सुरकुती नाही, आमचं कामच तसं.

गाडी गॅरेजात गेली आणि कंपनीचा सर्व्हेअर आला. चष्मा, हातात फॉर्म, चेहरा असा की लग्नाच्या पंगतीतही जिलेबी मोजून घेईल. गॅरेजात पाच-सहा माणसं चहा पीत उभी. त्यानं विचारलं, आपला व्यवसाय? मी म्हटलं, गाद्या. गाडीत काय होतं? आता पाच-सहा माणसं ऐकतायत आणि मी एक गादी म्हणू? मी म्हटलं, साहेब, टपावर सात गाद्या, आत बारा उशा, अहो, मार्केट यार्डातल्या हमालांना गाद्या पोचवल्यात हिनं, ट्रकवाले हिला बघून ब्रेक मारतात. सगळे हसले. सर्व्हेअर हसला नाही, त्यानं लिहिलं. सही करा म्हणाला. मी झोकात केली.

पंधरा दिवसांनी पत्र. दावा नामंजूर, खाजगी गाडीतून धंद्याची मालवाहतूक.

तेव्हा कुठे शालू उचलला. सलमानं चष्मा लावून वाचून दाखवलं, खाजगी गाडीत घरचं सामान चालतं, धंद्याचा माल चालत नाही. आणि म्हणाली, अहो, लेकीची एक गादी, ती घरचंच सामान होती, तुम्ही तिचा ट्रक केलात.

गेलो सर्व्हेअरकडे. म्हटलं, साहेब, ती बोलायची पद्धत. तो म्हणाला, आमच्या फॉर्ममध्ये पद्धतीचा रकाना नाही, बदलायचं असेल तर खोटं बोललो म्हणून लिहून द्या.

आता सांगा. लिहिलं तर पेठेत तोंड काय दाखवू, न लिहिलं तर गाडी गेली, पदरचं घालून दुरुस्त करण्याची माझी ताकद नाही. इकडे गॅरेजवाला रोज म्हणतोय, चाचा, गाडी हलवा, खाली मांजर दुसऱ्यांदा व्यायली. आणि नाझला सातवा लागलेला, तिला मी शब्द दिलेला की माहेरी आणीन ते आपल्याच गाडीतनं.

लिहिलं. मला वाढवून बोलायची सवय आहे, गादी एकच होती. नाझनंही लिहून दिलं, एकच मिळाली. साक्षीदार म्हणून सलमाची सही, तिनं तर पेन माझ्या हातातून ओढूनच घेतलं, तीस वर्षं वाट बघत असल्यासारखं.

सर्व्हेअरनं शांतपणे वाचलं. म्हणाला, आपण लिहिताय की आपल्याला वाढवून बोलायची सवय आहे. म्हटलं, हो. मग हे पत्र तरी खरं कशावरून?

मी सलमाच्या सहीवर बोट ठेवलं. त्यानं पत्र फाइलला लावलं आणि म्हणाला, वर पाठवतो.

फाइल अजून वरच आहे. नाझला रिक्षातनं आणलं, प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची आणि म्हणायची, अब्बा, ठीक आहे. परवा दुकानात एक गिऱ्हाईक आलं, गादी दाबून बघितली, विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, मऊ आहे. ते निघून गेलं.

असो, अल्ला तुमच्या गाडीला ओरखडा न येऊ देवो, आणि आलाच तर आधी तो कागद वाचा आणि मग तोंड उघडा. आणि हे बघा, हे छापाल तेव्हा एकच गादी लिहा हं. कंपनीवाले वाचतील. एकच, आणि तीही सिंगल.