रस्त्यातला मांडव

कोणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर, एकानंसुद्धा नाही. मी घसा फोडून सांगत होते की तो मोजणीचा टोपीवाला आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रंगानं आकडा घालून गेलाय तो शोभेसाठी नाही, इथून रस्ता जाणार आहे, पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? आमचे हे म्हणतात, 'अगं, पाण्याच्या पाइपाची खूण असेल.' पाइप? नायगावात आमच्या आळीला टँकर येतो, पाइप कुठून येणार...

आणि माझा धाकटा दीर, काळूराम, तो तर हसला. तुम्हाला सांगते, खाडीकाठी परदेशी कंपन्यांसाठी खास पट्टा होणार हे कळल्यापासून हा पांढऱ्या कपड्यांत फिरतो आणि पट्ट्याच्या साहेबांच्या गाडीचं दार उघडतो. पट्ट्यात म्हणे कंपन्यांना कर माफ, वीज चोवीस तास (आमच्याकडे पंखा फिरला की आम्ही एकमेकींना हाका मारून सांगतो), आणि कंटेनर जायला हायवेपासून रुंद रस्ता. तो कुठून? माझ्या चुलीवरून. नकाशा आला तेव्हा कबूल झाला, वर मलाच शहाणपण, 'वहिनी, विकासाला थोडं सोसावं लागतं.' मग सोस की बाबा! त्याचं घर आमच्या समोर, आत्ताच्या अरुंद रस्त्याच्या पलीकडे, भिंतीला रंगाचा थेंब नाही.

बरं, त्या मोठ्या कंपनीच्या परदेशी मॅडम जागा बघायला यायच्या होत्या, तारीख पुढेमागे होत होत पडली नेमकी कल्पेशच्या, म्हणजे काळूरामच्याच पोराच्या, हळदीवर. मी म्हटलं, 'भावजी, मांडव अंगणात घाला, रस्त्यात नको, माझ्या दारातून बाहेर पडायला वाट ठेवा.' ऐकतो कोण? 'पाव्हण्यांना आपली संस्कृती दिसू दे' म्हणून त्यानं मांडव ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणला, मधोमध उंबराची मेढ रोवली, पुजली, वर स्पीकरची थप्पी लावली.

दुपारी गाड्या आल्या, मांडवाला नाक लावून उभ्या. साहेब उतरले, 'काळूराम, ये क्या है, हटाव इसको.' हा घामाघूम, बायकोला म्हणतो, 'मालन, जरा मेढ बाजूला...' तशी मालन जी फिरली, हातात हळदीची वाटी, 'पुजलेली मेढ हलवतो? पोराचं लगीन लागल्याबिगर? लाव हात, बघतेच मी कोन हलवतो ती.' लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, ती म्हातारीसुद्धा गाणं थांबवून बघायला लागली. मेढ जागेवर राहिली.

आणि आमच्यात हळदीच्या मांडवात शिरलेला माणूस उपाशी जात नाही, कोण कुठला विचारायचं नाही, पानावर बसवायचं. मॅडमना बसवलं, गालाला हळद लावली, मटण-वडे वाढले. मीच वाढले, आणि खरं सांगते, त्या दिवशी तोंडातून शब्द काढला नाही. घर जाणार त्या बाईनं बोलायचं तरी काय, वडा वाढायचा. जेवता जेवता मॅडमनी दुभाष्या पोरीकडून विचारलं, रस्त्यात असं नेहमी असतं का? साहेब घाईघाईनं 'नो नो' म्हणतायत आणि आमचा काळूराम छाती फुगवून, 'नेहमी मॅडम, लग्नसराईभर, एक मांडव उतरला की दुसरा, मग गावदेवीची जत्रा, पालखी, गणपती, रस्ता मोकळा म्हणून दिसायचा नाही.' मग कंटेनर? 'कंटेनरवाल्यालापण जेवू घालू, तुम्ही टेन्शन नका घेऊ.'

मॅडम हसल्या, आणखी एक वडा घेतला आणि गेल्या.

पुढं कळलं, मॅडमच्या सांगण्यावरून रस्ता वळवला, गावाबाहेरून, पडीक मिठागरांच्या बाजूनं. टोपीवाला परत आला, आकड्यावर चुना मारून गेला, मी त्याला चहा पाजला, चहा. मग चुलीपुढे बसले आणि किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला, रडलेही थोडी, ते राहू द्या.

आता गावात चौकशी. रस्ता गेला, त्यावर होणारी दुकानं गेली, कॅन्टीनं गेली, घालवलं कोणी? सगळे माझ्याकडे बघतात, कारण तोंडाळ मीच. अहो, मी मोर्चा काढला नाही, कोर्टात गेले नाही, मी फक्त वडे वाढले, पण ऐकतो कोण? ज्यानं घालवलं तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलाय, मालन अजून त्याला मेढीवरून ऐकवतेय, आणि मी रोज ताट झाकून त्याला पाठवते, कारण माझं घर राखणारा म्हणा नाहीतर गावाचा रस्ता घालवणारा म्हणा, नाव एकच निघतं, तेही आमच्याच घरातलं, काळूराम.