काढलेले पाटे

चौपन्न साली देहूरोडला रंगरावांची सायकल पंक्चर झाली नसती, तर हे बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नसतं. मिस्त्री आधी बबनरावांच्या जुन्या मोटारीला लष्कराच्या लिलावातली जीपची चाकं चढवत होता आणि रंगराव बाकावर खोळंबले होते.

"बसली खरी, पण वळवताना मडगार्डला घासणार. गाडी फार खाली आहे, बबनराव."

"तुमीच केली की खाली. चाकांवरच्या कमानीचे दोन-दोन लोखंडी पाटे काढून."

"तुम्हीच गळ घातलीत म्हणून. वहिनींचा पाय उचलत नव्हता."

"व्हय."

"मग ही चाकं परत करा. लहान बघू."

"लिलावाचा माल कोन परत घेतंय? गाडीच उचला."

"आणि वहिनी चढणार कशा? दवाखान्याचे हेलपाटे चालूच असतील ना?"

"संपले."

"वा! म्हणजे उतार पडला म्हणायचा."

"काढलेले पाटे डिकीत हायेत. घ्या, बसवा."

डिकी उघडली.

"अहो, हे तर वहिनींचं इरकली लुगडं! यात गुंडाळलेत होय पाटे? गंजानं, तेलानं पार वाया जाईल की."

"जाऊ द्या."