साखर माझी, फोन होडीवर

सोमवारी दुपारी साडेबारा वाजता, तुम्हाला सांगते, भर समुद्रात आमच्या ह्यांच्या खिशातून एक बाई बोलली... "ताई, जेवणात काय घेतलंत?" आता ताई म्हणजे मी, आणि मी तर घरात, इशिताला पेज भरवतेय! घरात फोन एकच, तो ह्यांच्याबरोबर मासेमारीला जातो, आणि आरोग्यकेंद्रातल्या किशोरीताईंनी जेवणातली साखर मोजायचं ॲप घातलं ते त्याच फोनात. इशिता पोटात असताना मला साखर निघालेली, बाळंत झाले तशी गेली, पण पुन्हा उलटू शकते म्हणाल्या, हे ॲप लक्ष ठेवील. कुठून ठेवील? साखर माझी, फोन होडीवर!

माझ्या आईचा पाय गेला हो साखरेनं, म्हणून घाबरते, नाहीतर असल्या डबड्याला कोण विचारतो... बरं, ती बाई काही गप्प बसेना, तेव्हा ह्यांनी काय करावं? स्वतः जेवले तेच घातलं! डोंगराएवढा भात आणि खलाशांचा तो पाकासारखा चहा, तोही पाच वेळा. संध्याकाळी फोन घरी आला तो लालभडक... ताई, तुमची साखर धोक्याच्या वर गेली आहे. मी जेवले नाही, इशिताला पोटाशी धरून रडत बसले, आणि हे डोकं खाजवून म्हणतात कसे, "अगो, तो भात माझो होतो."

आणि ह्याला म्हणे हुशार फोन म्हणायचं! शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबरचा, नारळाचा गोड रस त्याच्या यादीत नाही, ओट्स मात्र आठ तऱ्हांचे. ओट्स कोण खातं हो आमच्या वाडीत?

आता मी काय खाणार ते सकाळीच ह्यांना सांगून ठेवते. हे खलाशांदेखत फोनात घालतात, खलाशी बंदरावर सांगतात, आणि मी मासे घ्यायला गेले की सुभद्रामावशी टोपली बाजूला सारून चारचौघींत विचारते, "काय गो, काल रस खाल्लंस ना? आवशीचो पाय इसारलंस?" अख्खं बंदर माझं ताट मोजतं. साखर माझी, फोन होडीवर!

आज शेजारच्या उर्वशीनं जत्रेतला खाजा आणून दिला... गुळाचा, आलं घातलेला. सकाळी सांगितला नव्हता ना मी! तर बंदराकडे कोण जात असाल तर ह्यांना निरोप द्या, बायकोनं एक तुकडा खाल्ला, तेवढा घाला.

एकच सांगा हां...

नको, तीन सांगा. फोनाला फसवीन, पायाला कसं फसवू? सुभद्रामावशीला नाही सांगितलंत तरी चालेल, तिला कळलंच असेल.