ढोल कुठं पळून चाललाय?

...आणि वर म्हणतात काय, तर पोराला ढोलाने बिघडवला! ऐका तुम्ही. वीस वर्षांचा पोरगा, म्हणजे मी, कॉलेज सोडून किनाऱ्यावर दोर ओढतोय, त्याला जबाबदार कोण, तर ढोल! बाबांनी स्वतःच्या हौसेने कॉमर्सला घातला, ते नाही. तिथले सर दोन वर्षं फळ्याशीच बोलत होते, ते नाही. चौदा दिवसांचं ढोल-ताशाचं एक शिबिर, तेही चार वर्षांपूर्वीचं, त्याने म्हणे वाट लावली. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात कुठे काही शिकलो असेन ना, तर त्या चौदा दिवसांत. पण हे म्हाताऱ्यांना सांगायची सोय आहे? सांगितलं की आमचा तुकाराम आजो, म्हणजे बाबांचा काका, रापणीच्या जाळ्याचा म्होरक्या, तांडेल, सगळ्या वाडीचे कान पिळायचा मक्ता घेतलेला माणूस, विडी झटकतो आणि म्हणतो, "ढोल बडवून पॉट भरता काय रे मेल्या?"

नाही भरत. कॉमर्सने भरतं?

तर शिबिर. जून महिना, मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, आणि वाडीतली सतरा पोरं-पोरी रिकामी. जाळी ठेवायच्या मांगरात आमचा मुक्काम. शिकवायला फोंडाघाट उतरून आले सत्यवान सर, कोल्हापूरकडचे. आल्या आल्या नाकाला रुमाल! आणि माणूस मासे खात नाही हो... मालवणात येऊन! हिरा काकी जेवण करायची, तिने पहिल्याच दुपारी कौतुकाने ताटात अख्खा बांगडा वाढला, तर सर ताट लांब सरकवून म्हणाले, "ताई, हे बघतंय माझ्याकडं." चौदा दिवस भात आणि सोलकढी. काकी कपाळावर हात मारून घ्यायची, "ह्या माणसाक इतको जोर खंयसून येता गो?"

आणि ढोल? ढोल पहिले सहा दिवस दिसलेच नाहीत! मासळीचे प्लास्टिकचे क्रेट पालथे घातले, हातात टिपरू दिलं, बडवा. खवले उडून भुवयांना चिकटायचे. पण वाजायचं बरं का. सुरुवात झकास, मध्य झकास, आणि शेवटाकडे आलो रे आलो की सतराच्या सतरा जण सुसाट! कोण कोणाच्या पुढे काही पत्ता नाही. मग सरांची आरोळी, "आरं काय गडबड हाय? ढोल कुठं पळून चाललाय व्हय?"

परत सुरुवात. परत शेवट. परत सुसाट. "आरं लेकांनो, ढोल कुठं पळून चाललाय व्हय?"

चौथ्या दिवशी सरांनी टिपरू फेकलं, आणि पडेल आवाजात विचारलं, "पंचवीस वर्षं शिकवतोय, सगळ्या गावची पोरं चुकत्यात, पण वेगवेगळी चुकत्यात. तुम्ही सगळी एकाच जागी कशी चुकताय रं?"

आणि संजना, ताशावरची, आमच्यातली एकटी अक्कलवाली, ती म्हणाली, "सर, जाळा जवळ इला काय जोरात ओढूचा लागता ना."

झालं! आता तुम्हाला रापण ठाऊक नसेल तर सांगतो. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर, दोन रांगांनी ओढायचे. आधी सावकाश. पण जाळं जवळ आलं की जीव खाऊन ओढायचं, नाहीतर मासा कडेने सटकतो. आम्ही चालायला लागलो तेव्हापासून त्या दोराला लोंबकळतोय, हाताला दुसरं काही माहीतच नाही! सरांनी फेकलेलं टिपरू उचललं. मग म्हणाले, "बरं. मग असं समजा, जाळं अजून लांब हाय."

बस. एवढंच. दोन वर्षं कॉलेजात बसलो, माझा हात असाच का चालतो, हे विचारणारा एक निघाला नाही हो.

पण माझा हात काही ऐकेना. सोळा जण सुधारले, मी पळतोच आहे. आणि मला हवा होता पुढच्या ओळीतला मधला ढोल. नारळी पौर्णिमेला सगळी वाडी बघणार, आजो नारळ घेऊन पुढे, आणि त्याच्या पाठीत माझा ढोल! सरांनी बजावलं, "पळणाऱ्याला झेंडा." झेंडा! त्यापेक्षा होडीखाली झोपतो. तेराव्या दिवशी सगळे जेवायला गेले, सरांनी मला एकट्याला थांबवलं, स्वतः क्रेटवर बसले सोलकढीचा पेला घेऊन. वाजव. पळालो. परत. पळालो. चाळीस वेळा! तळहाताची साल निघाली, डोळ्यांतून पाणी, आणि सर शांतपणे, "जाळं लांब हाय, निकेत." एकेचाळिसाव्या वेळी नाही पळालो. सर उठले. खुंटीवरचा मधल्या ढोलाचा पट्टा काढला, माझ्या कमरेला बांधला आणि पेला विसळायला गेले.

दोन महिन्यांनी सर पौर्णिमेसाठी परत आले, आणि काय झालं? पाणी दिसल्याबरोबर हे म्हातारे चेकाळले. "जोरात! जोरात वाजवा रे!" आजो तर नारळ घेऊन धावतच सुटला, पथकही त्याच्या मागे सुटायला लागलं... आणि मी नाही सुटलो. एकटा. आजोची पाठ लांब जातेय, माझा ठोका तिथेच. हळूहळू संजना ठोक्यावर परत आली, मग दुसरे, मग सगळे सोळा. आजोला गुडघाभर पाण्यात उभं राहून आमची वाट बघावी लागली! त्या दुपारी सरांनी डोळे मिटून बांगड्याचा एक तुकडा खाल्ला. काटा अडकला, तो भाग वेगळा.

पुढच्या वर्षी सरांना बोलावलंच नाही. म्हाताऱ्यांनी मीटिंग घेऊन ठरवलं, स्पीकर आणूया, स्पीकरला जेवण घालावं लागत नाही.

आणि आता हा हात घेऊन मी रापणीला. गेल्या सोमवारी डाव्या दोराला पुढे मी. जाळं जवळ आलं, उजवी रांग सुसाट, आणि माझा हात? संथ. एका लयीत. वर माझ्या मागचे वीस जण त्याच लयीत! जाळं वाकडं. आजो वाळूत नाचतोय, "ओढ रे! कॉलेज सोडलंस, आता बांगडे पण सोडतलंस? बेगीन ओढ, पळतले ते!"

आणि माझ्या तोंडातून काय निघावं?

"आजो, बांगडो खंय पळान चललो?"

तुम्हाला सांगतो... तो खरंच गेला हो. अख्खा थवा. डाव्या बाजूने.