आतून ढकलणाऱ्या सासूबाई

...नाही, पण मला सांगा, बंद पडलेली गाडी आतून ढकलता येते का हो? मागच्या सीटवर बसून, पुढच्या सीटच्या पाठीला दोन्ही हात लावून? आमच्या सासूबाई ढकलतात! वर मलाच विचारतात, "जावईबापू, दमलात का?" तुम्हाला सांगतो, जोर सगळा माझा एकट्याचा!

झालं काय, आमची ही पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायची. पोर झाल्यावर नोकरी सुटली ती सुटलीच. आता कुठं एका शाळेनं बोलावलं, तेही आधी एक तास शिकवून दाखवा, मग बघू. विषय? बल, वस्तुमान आणि त्वरण. म्हणजे ढकलायचं किती जोरानं, वस्तू जड किती, आणि ती वेग घेते किती झपाट्यानं. आठवडाभर घरात हेच! मी ताट सरकवलं तरी, "बघा, रिकामं होतं म्हणून कसं पटकन सरकलं." जेवू तरी द्या की... आणि ऐन दिवशी सकाळी बघतो तर हिचे हात गार, आवाज बसलेला. "अहो, मला नाही जमणार. मुलं हसतील." त्यात गाडीची बॅटरी उतरलेली!

मग काय, ही स्टिअरिंगवर, डिकीत प्रयोगासाठीच्या विटांचं पोतं, मागच्या सीटवर लेकीला धीर द्यायला आलेल्या सासूबाई, आणि गाडीच्या मागं... कोण? बरोबर! ढकलतोय, ढकलतोय, गाडी ढिम्म हलायला तयार नाही, हललीच तर दोन हात. आणि रस्त्यावर फुकटचे सल्ले! दूधवाला सायकल थांबवून म्हणतो, "काका, कंबरेतून जोर लावा, कंबरेतून." अरे बाबा, कंबर शिल्लक आहे का? सासूबाई आतून, "मीही लावतेय हो!" मी म्हटलं, "आई, तुम्ही जरा उतरलात तर..." "अहो, माझं वजन ते कितीसं!"

आणि तेवढ्यात हिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आई, तू गाडीतच बसलीयेस ना? मग तुझा जोर गाडीतच जिरतो. हातांनी पुढची सीट पुढं ढकलतेस, पाठीनं मागची सीट मागं ढकलतेस. उरलं काय? शून्य. बाहेरून लागतो तो जोर खरा. तो ह्यांचा. आणि तो काही आता वाढायचा नाही." हे ऐकवायची गरज होती का? "म्हणून वजन कमी करायचं. उतर तू. अहो, पोतंही उतरवा."

दूधवाला म्हणतो, "बाई, परत एकदा सांगा." हिनं परत सांगितलं. खणखणीत! तुम्हाला सांगतो, तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. हीच ती वर्गातली बाई! कंबर विसरलो मी.

ढकलली. जोर तेवढाच हं, माझा एकट्याचा, पण गाडी? सुटलीच! इंजिन धडधडलं, आणि ही निघून गेली! थांबली असती तर परत बंद पडली असती ना. रस्त्यावर उरलो मी, सासूबाई आणि विटा.

पोतं खांद्यावर घेऊन निघालो. सासूबाईंनी मागून पोत्याला एक बोट लावलेलं, "मी धरलंय हो, काळजी नको." शाळेत पोचून वर्गाच्या खिडकीतून बघतो, तर ही चाकांच्या खुर्चीवर एका मुलीला बसवून ढकलतेय. मग तिच्या मांडीवर दुसरी बसवली, जोर तेवढाच. "आता का गं रेंगाळली खुर्ची?" अख्खा वर्ग ओरडून उत्तर देतोय. विटा हव्यात कुणाला! मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या, म्हणाल्या, "सोमवारपासून या." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू... खांद्यावर विटा, पुसताही येईनात.

बाहेर आलो, तर गाडी परत बंद. मी म्हटलं, "आई, या वेळी तुम्ही खालीच थांबा." तर ही म्हणते, "छे छे, आई बसू दे आत. विटाही ठेवा. मुलं बघायला येताहेत. आधी जड गाडी ढकला, मग हलकी करून दाखवू." वर्ग फाटकाशी रांगेत हजर! सासूबाई आत बसल्या, सीटला हात लावले, "हं, करा सुरू."

काय करता... नोकरी हिला लागली सोमवारपासून, मी मात्र त्याच दिवशी कामावर रुजू झालो.