वीतभर घोड्यांची खोगिरं

दादरला डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“मिस्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन का?”

“हो, परवाच झालं. आता तपासायला आत नेलंय. खोगिरं शिवून शिवून डोळ्यांची वाट लावली.”

“खोगिरं? घोड्याची?”

“खेळण्यातल्या घोड्यांची हो! वीतभर लाकडी घोडे. रिटायर झाल्यापासून त्यांना खोगीर, लगाम शिवत बसतात. माझी चामड्याची पर्स कापली. स्टेपलरच्या पिनांची बकलं करतात.”

“छंद चांगला आहे की.”

“कसला छंद! रोज दिवेलागणीला सातही घोड्यांची खोगिरं उतरवायची, सकाळी परत चढवायची. म्हणे, घोड्याला पाठीवर ओझं ठेवून झोपवायचं नसतं.”

“अगंबाई, लाकडाच्या घोड्याला?”

“मीही हेच म्हणते! पस्तीस वर्षांत मला कधी म्हणाले नाहीत, जरा बस म्हणून.”

“आता त्यांना वाकायची बंदी असेल. सुटलात तुम्ही.”

“कुठली सुटते! परवापासून मीच उतरवते.”

“तुम्ही?”

“मग काय करू? त्या तपकिरी घोड्याचा पोटाचा पट्टा केवढा आवळला होता माहितीये? एक भोक सैल केला मी. यांच्यासमोर बोलू नका हं.”